पगार दोनदा आला म्हणून फूड बँकेत: इंग्लंडमधलं एक प्रकरण

आधी एक सांगून टाकते. खाली जिच्याबद्दल लिहिलंय ती एकच बाई नाहीये, आमच्या फूड बँकेत आलेल्या तीन-चार जणींच्या गोष्टी मी एकत्र केल्यात आणि घरचे तपशील बदललेत, कोणाची ओळख पटायला नको म्हणून. पण पैशांचे नियम, सरकारी दर आणि तारखांचं गणित खरं आहे, आणि मला लिहायचंय ते मुख्यतः त्या गणिताबद्दलच.

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५. आमची फूड बँक एका चर्चच्या हॉलमध्ये भरते, आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, आणि मी शुक्रवारी तिथे व्हॉलंटियर म्हणून असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथली फूड बँक म्हणजे सरकारी धान्यदुकान नव्हे, लोकांनी दिलेले डबे-पाकिटं गोळा करून ज्याच्याकडे खायला नाही त्याला साधारण तीन दिवसांचं सामान फुकट द्यायचं, आणि हे सगळं धर्मादाय, कायद्याने कोणाचाच त्यावर हक्क नाही. बहुतेक ठिकाणी तुम्ही सरळ चालत येऊन मागू शकत नाही, कोणीतरी पाठवावं लागतं, म्हणजे जीपी (फॅमिली डॉक्टर), शाळा, सोशल वर्कर, सिटिझन्स ॲडव्हाइस (फुकट सल्ला देणारी संस्था), असं कोणीतरी व्हाउचर द्यावं लागतं.

तिला शाळेने पाठवलं होतं. तिशीतली असेल, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली, हॉलमध्ये हीटर चालू होता तरी काढली नाही, आणि चहा देताना मला दिसलं की आत केअर होमचा निळा युनिफॉर्म आहे. शिफ्ट संपवून थेट आली होती. खुर्चीवर नीट बसायच्या आधीच तिने विचारलं, मी नोकरी करते हं, तरी चालेल ना?

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय. लोकांना वाटतं की फूड बँक बेघरांसाठी आहे, बेकारांसाठी आहे, आपण इथे येऊन दुसऱ्या कोणाच्या तोंडचं काढून घेतोय. मी म्हटलं चालतं, व्हाउचर आहे ना तुमच्याकडे, बसा. मग ती म्हणाली की ऑक्टोबरमध्ये मुलीच्या शाळेत हार्वेस्टसाठी, म्हणजे सुगीच्या सणासाठी, डबे मागवले होते तेव्हा मी दोन दिले होते, बीन्सचे, ते इकडेच आले असतील का हो? आले असणार. शाळांचे खोके आमच्याकडेच येतात. मी तिला हो म्हटलं आणि पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही.

सामान भरताना आम्ही काही प्रश्न विचारतो. घरात किती मोठे, किती लहान. कोणाला कसली ॲलर्जी. कॅन ओपनर आहे का. शिजवायला काय आहे, ओव्हन, गॅस, मायक्रोवेव्ह, की नुसती किटली. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण बऱ्याच लोकांकडे शेगडी असते पण ती पेटवायला पैसे नसतात. तिचा मीटर प्रीपेमेंटचा होता, म्हणजे आधी पैसे भरायचे मग वीज वापरायची, त्यात त्या दिवशी १ पाउंड ४० पेन्स होते आणि इमर्जन्सी क्रेडिट, म्हणजे मीटरवरची थोडी उधारी, आधीच वापरून झालं होतं. त्यामुळे सुका पास्ता आणि मसूर असं जे आम्ही नेहमी घालतो ते तिने स्वतःच बाजूला काढलं, म्हणाली हे उकळायला खूप वेळ लागतो, दुसऱ्या कोणाला द्या. मग आम्ही तिला गरम पाण्यात होणारं आणि तसंच खाता येणारं असं निवडून दिलं, ओट्स, नूडल्स, मायक्रोवेव्हचा भात, रिंग ओढून उघडणारे टूनाचे डबे, फळांचे डबे, बिस्किटं, न उघडता टिकणारं दूध. यासाठी फूड बँकांमध्ये वेगळं पार्सलच असतं, किटली बॉक्स म्हणतात त्याला. एवढ्या श्रीमंत देशात पार्सलचा एक प्रकार असा आहे की ज्यात गृहीतच धरलंय की माणसाला शेगडी परवडत नाही, आणि हे मला अजूनही अंगवळणी पडलेलं नाही.

क्रेट भरला की आम्ही वजन करतो, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं वजन नोंदवलं जातं. तिने दोन पिशव्या आणल्या होत्या, सुपरमार्केटच्याच, आणि डबे खाली ठेवून वर बिस्किटं अशा बेताने भरल्या की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की बाई आठवड्याची खरेदी करून चाललीय.

आता ती इथे पोचली कशी ते.

ती केअर होममध्ये आठवड्याला २० तास काम करायची. एप्रिल २०२४ पासून इथला किमान पगार तासाला ११.४४ पाउंड होता, म्हणजे आठवड्याला २२८.८०. केअर होम पगार दर चार आठवड्यांनी द्यायचं, ९१५.२० पाउंड. यावर इन्कम टॅक्स लागत नाही कारण वर्षाला १२,५७० च्या खाली बसतं. मुलं दोन, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. नवऱ्यापासून वेगळी झाली, घर सोडलं आणि ६ जून २०२४ ला युनिव्हर्सल क्रेडिटसाठी अर्ज केला.

युनिव्हर्सल क्रेडिट (यूसी) म्हणजे सहा जुने भत्ते एकत्र करून केलेला एकच मासिक भत्ता, २०१२ च्या कायद्याने आला आणि २०१३ पासून हळूहळू लागू झाला. नोकरी असली तरी मिळतो, पगार कमी असेल तर. पण तो मागून मिळतो. आधी एक महिना सगळी कमाई मोजायची, मग हिशोब, मग साधारण आठवड्याने पैसे, म्हणजे पहिल्या पैशाला पाच आठवडे. आधी तर सहा होते, २०१८ मध्ये पाच केले. मधल्या काळात जगायचं कसं तर सरकार ॲडव्हान्स देतं, पण ते कर्ज आहे, पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. तिच्याकडे घरभाडं ९५० पाउंड आणि वर डिपॉझिट, तिने १,२०० चा ॲडव्हान्स घेतला, २४ महिन्यांत फेड, म्हणजे महिन्याला ५० पाउंड कट. पाच आठवड्यांची ती वाट तिच्या मानेवर दोन वर्षं बसली.

तिचा महिन्याचा हिशोब असा, सगळे दर २०२४-२५ चे. स्वतःसाठी ३९३.४५, दोन मुलांचे प्रत्येकी २८७.९२, भाड्यासाठी ७०० (भाडं ९५० आहे, पण तिच्या भागातला भाडेभत्ता तेवढाच, वरचे २५० तिचे तिने भरायचे). एकूण १,६६९.२९. आता यातून पगारामुळे कपात, पगाराचे पहिले ४०४ पाउंड तेव्हा सोडायचे आणि त्यापुढच्या प्रत्येक पाउंडामागे ५५ पेन्स कापतात. ९१५.२० वजा ४०४ म्हणजे ५११.२०, त्याचे ५५ टक्के २८१.१६. राहिले १,३८८. ॲडव्हान्सचे ५० गेले, हातात १,३३८. शिवाय चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा वेगळा सरकारी भत्ता) दोन मुलांचं मिळून चार आठवड्यांना १७०. हे सगळं धरून, भाडं, काउन्सिल टॅक्स (काउन्सिल म्हणजे इथली नगरपालिका, तिचा घरावरचा कर), वीज, बस, मुलांची सोय भागवून, तंगीत का होईना पण चालत होतं.

आता तारखा बघा, सगळं यात आहे. तिचा मोजणीचा महिना ६ तारखेपासून पुढच्या ५ तारखेपर्यंत, कारण अर्ज ६ ला केला. पगार मात्र महिन्याने येत नाही, २८ दिवसांनी येतो, वर्षात १२ नाही तर १३ वेळा. त्यामुळे वर्षातून एकदा असं होतं की एकाच मोजणीच्या महिन्यात दोन पगार पडतात. तिचा पगार ६ डिसेंबरला आला, पुढचा ३ जानेवारीला. दोन्ही तारखा ६ डिसेंबर ते ५ जानेवारी या एकाच खिडकीत. कॉम्प्युटरला दिसलं की या बाईने या महिन्यात १,८३०.४० कमावले. ४०४ वजा करून ५५ टक्के कापले, म्हणजे ७८४.५२. ॲडव्हान्सचे ५० पण गेले. १० जानेवारीला तिच्या खात्यात १,३३८ च्या जागी ८३५ पाउंड आले.

५०३ पाउंड कमी. भाडं ९५० आहे हे लक्षात ठेवा.

तिने आधी यूसीच्या ऑफिसला फोन केला, मग यूसीच्या ऑनलाइन जर्नलमध्ये मेसेज टाकला, उत्तर आलं की हिशोब बरोबर आहे. आणि तो बरोबरच होता, हेच तर सगळ्यात वाईट. चूक असती तर दुरुस्त करून मिळाली असती.

इथे कोणीही समंजस माणूस विचारेल की पगार तर दोनदा आला ना, मग पैसे गेले कुठे? मीही हिशोब करून बघितला आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर वर्षभराचा धरला तर तिचं एका पेनीचंही नुकसान होत नाही. बाकीच्या अकरा महिन्यांत चार आठवड्यांचाच पगार मोजला जातो, त्यामुळे यूसी सरासरीपेक्षा साधारण ४२ पाउंडांनी जास्त मिळतं, आणि एका महिन्यात ते सगळं एकदम परत घेतलं जातं. म्हणजे अपेक्षा अशी की तिने दर महिन्याला ४२ पाउंड बाजूला ठेवायचे आणि त्या एका महिन्याची वाट बघायची. कोणीही तिला हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी अर्ज जूनमधला, डिसेंबरपर्यंत सहाच महिने झाले होते, जास्तीत जास्त अडीचशे साठले असते. आणि ४२ पाउंड दर महिन्याला बाजूला ठेवायला आधी ते शिल्लक राहावे लागतात, जिच्या भाड्यातच २५० चा खड्डा आहे आणि ५० चा हप्ता चाललाय तिला हे सांगणं सोपं, करणं नाही.

३ जानेवारीचा पगार आला तेव्हा खातं ओव्हरड्राफ्टमध्ये होतं, डिसेंबर थंडीचा, ख्रिसमसचा, मुलांना दोन आठवडे सुट्टी. तीन वर्षांच्या मुलाची सरकारी फुकट नर्सरी वर्षात ३८ आठवडेच धरलेली असते, सुट्टीत काहीच नाही, तेव्हा कधी आईकडे ठेव, कधी पैसे देऊन ठेव. पगारातले तीनशेच्या वर त्या ओव्हरड्राफ्टने गिळले, मग काउन्सिल टॅक्स, शाळेनंतरच्या क्लबचे आगाऊ पैसे, बसचा पास, मीटर. १५ तारखेला भाडं गेलं. १७ ला खात्यात ११ पाउंड होते. चाइल्ड बेनिफिट सोमवारी २० ला येणार होतं. मधे शुक्रवार संध्याकाळ, शनिवार, रविवार. शाळेतली जी बाई घरच्या अडचणी बघते तिने मुलीला सकाळी विचारलं की नाश्ता केलास का, मुलगी म्हणाली मम्मा म्हणाली आज शाळेत जेवण मोठं घे. तेवढ्यावरून तिला कळलं. इंग्लंडमध्ये पहिल्या तीन इयत्तांना २०१४ पासून दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट आहे म्हणून निदान तेवढं तरी होतं, मुलगी दोन वर्षं मोठी असती तर तेही नसतं, कारण तेव्हाच्या नियमात वर्षाची कमाई ७,४०० पाउंडांच्या वर गेली की फुकट जेवण बंद.

पगार दोनदा मोजला जायचा हा घोळ नवीन नाहीये. महिन्याने पगार घेणाऱ्या चार एकट्या आयांनी कोर्टात लढा दिला होता, त्यांचं असं व्हायचं की पगाराची तारीख शनिवार-रविवारी आली की मालक एक-दोन दिवस आधी पैसे टाकणार आणि दोन पगार एकाच खिडकीत पडणार. २०२० मध्ये त्या अपील कोर्टात जिंकल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम बदलला. पण बदलला तो महिन्याने पगार घेणाऱ्यांसाठीच. चार आठवड्यांनी पगार घेणारे तसेच राहिले, आणि चार आठवड्यांनी पगार कोण घेतं तर केअर होमवाले, सफाईवाले, दुकानात काम करणारे, म्हणजे ज्यांना यूसी लागतं तेच.

आता थोडं मागे जाते, कारण फूड बँक ही इथे कायमचीच होती असं आता लहान मुलांना वाटायला लागलंय. फूड बँकांचं जाळं चालवणारी ट्रसेल ट्रस्ट ही संस्था १९९७ मध्ये पॅडी आणि कॅरल हेंडरसन या जोडप्याने सुरू केली ती बल्गेरियातल्या सोफियामधल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी. २००० मध्ये सॉल्झबरीतल्या एका आईने त्यांना फोन केला की तुम्ही परदेशातल्या मुलांना मदत करता, माझी मुलं आज रात्री उपाशी झोपणार आहेत, आणि मग त्यांनी आपल्या घराच्या शेडमध्ये पहिली फूड बँक सुरू केली. पुढे चर्चेसना शिकवून शिकवून जाळं वाढलं. २०१२-१३ मध्ये त्यांच्या जाळ्यातून साडेतीन लाखांच्या आसपास वेळा तीन दिवसांचं सामान दिलं गेलं, पुढच्याच वर्षी ९ लाख १३ हजार. याला जाळं वाढणं हेही कारण होतं, पण त्याच एप्रिल २०१३ मध्ये सोशल फंडातून मिळणारं क्रायसिस लोन बंद झालं, म्हणजे आधी अशा आठवड्यात तुम्ही सरकारकडून छोटं बिनव्याजी कर्ज घेऊ शकत होतात, तो दरवाजाच बंद झाला आणि जबाबदारी काउन्सिलवर टाकली गेली. २०२३-२४ मध्ये ट्रसेलची पार्सलं ३१ लाखांच्या वर गेली, २०२४-२५ मध्ये थोडी उतरून २९ लाखांच्या जवळ, त्यातली दहा लाखांहून जास्त मुलांसाठी. ही पार्सलं आहेत, माणसं नाहीत, एकाच माणसाला वर्षात दोन-तीनदा मिळू शकतं, आणि यात हजाराहून जास्त स्वतंत्र फूड बँका, गुरुद्वारे, मशिदी, शाळा यांनी दिलेलं धरलेलंच नाहीये.

सरकारला माहीत नव्हतं असं पण नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या मंत्री अँबर रड यांनी संसदेत मान्य केलं होतं की लोकांना यूसीचे पैसे पुरेसे लवकर मिळाले नाहीत हे फूड बँका वाढण्याचं मुख्य कारण असू शकतं. त्याच्या आदल्या वर्षी युनायटेड नेशन्सचे गरिबीविषयक तज्ज्ञ फिलिप ऑल्स्टन येऊन बघून गेले, जगातल्या पाचव्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेत हे चाललंय म्हणाले. मग करोना आला, महागाई आली, मार्च २०२३ मध्ये खाण्यापिण्याची महागाई १९ टक्क्यांवर गेली, आणि आमच्याकडे एक वेगळंच झालं, डबे देणारेच घेणारे व्हायला लागले. देणं कमी, मागणं जास्त, म्हणून बऱ्याच फूड बँका आता स्वतः पैसे देऊन सामान विकत घेतात. लोकांचे पैसे घेऊन आम्ही सुपरमार्केटमधून टूना आणतो आणि अशा माणसाला देतो ज्याच्याकडे पैसे असते तर त्याने तोच टूना त्याच सुपरमार्केटमधून स्वतः आणला असता, आणि त्याला हवा तो.

ट्रसेलवाले स्वतःच म्हणतात की फूड बँकांची गरजच उरायला नको. मी सुरुवातीला हे ऐकलं तेव्हा मला ते बोलायला बरं वाटणारं वाक्य वाटलं होतं. आता नाही वाटत. त्या बाईला भूक लागली होती हे खरंच, पण तिला जेवणाची टंचाई नव्हती, गावात तीन सुपरमार्केट आहेत आणि तिला स्वयंपाक उत्तम येतो, टंचाई होती ती १५ ते ३१ जानेवारीमधल्या पैशांची. अन्न ही आमच्या हातात असलेली गोष्ट होती म्हणून आम्ही अन्न दिलं.

आम्ही काय काय करून बघितलं तेही लिहिते, कोणाला उपयोग होईल. आमच्या हॉलमध्ये एक सल्लागार बसते, तिने त्याच दिवशी काउन्सिलच्या तेव्हाच्या हाउसहोल्ड सपोर्ट फंडातून वीज-गॅसचं व्हाउचर मिळवून दिलं, ते सोमवारी मीटरवर चढलं. यूसीमध्ये बजेटिंग ॲडव्हान्स नावाचं छोटं कर्ज असतं, त्यात ती बसली नाही, कारण गेल्या सहा महिन्यांत एकट्या माणसाची कमाई २,६०० च्या वर असेल तर देत नाहीत, काम करते म्हणून नाही मिळालं. भाड्यातल्या २५० च्या खड्ड्यासाठी काउन्सिलकडे वेगळा अर्ज केला, तो तीन महिन्यांसाठी थोडा मंजूर झाला. पाण्याचं बिल कमी उत्पन्नाच्या दरात बदलून घेतलं. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे पगार महिन्याने द्या असं केअर होमला सांगणं, तिने विचारलं, पण सगळ्या स्टाफचा पगार एकाच पद्धतीने निघतो, एकीसाठी बदलता येणार नाही म्हणाले. यूसीच्या मोजणीच्या तारखाही बदलत नाहीत, अर्ज ज्या दिवशी केला तो दिवस कायमचा चिकटतो. तिने तीन दिवस उशिरा, ९ जूनला अर्ज केला असता तर त्या डिसेंबर-जानेवारीत हे झालंच नसतं, दुसऱ्या कुठल्यातरी महिन्यात झालं असतं.

इथे शेजारच्या स्कॉटलंडचं सांगावंसं वाटतं, कारण देश एक, यूसी तेच, पण स्कॉटलंडने २०२१ पासून स्वतःचा वेगळा बालभत्ता सुरू केलाय, यूसीसारखे भत्ते घेणाऱ्या घरांतल्या प्रत्येक मुलामागे, आधी सहा वर्षांखालच्या आणि २०२२ च्या शेवटापासून सोळा वर्षांखालच्या, २०२४-२५ मध्ये तो आठवड्याला २६.७० पाउंड होता. ही बाई सीमेच्या पलीकडे राहत असती तर दोन मुलांचे मिळून चार आठवड्यांना २१३.६० पाउंड तिला त्या जानेवारीतही मिळाले असते, कारण यूसी कमी झालं तरी शून्य झालेलं नव्हतं. सगळा खड्डा भरला नसता. पण १७ तारखेला ११ पाउंड नसते, आणि शेगडी पेटली असती. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारने फूड बँकांची गरज संपवण्यासाठी आधी रोख पैसे अशा धोरणाचा आराखडाच काढला. मला ते पटतं. माणसाच्या हातात पैसे दिले की तो बसचं तिकीट काढतो, मीटर भरतो, मुलाला हवं ते दूध आणतो, पिशवीत बिस्किटं वर ठेवून चालावं लागत नाही.

आणि एक, आपल्याकडच्या लोकांसाठी, विशेषतः जी मुलं-मुली शिकायला आलीयेत किंवा केअर व्हिसावर आलीयेत. व्हिसावर पब्लिक फंड (म्हणजे सरकारी भत्ते) घेता येणार नाही असं लिहिलेलं असतं आणि त्यामुळे बरेच जण घाबरून फूड बँकेत येत नाहीत, दोन-दोन दिवस नुसत्या चहा-टोस्टवर काढलेले मी बघितलेत. फूड बँकेचं सामान पब्लिक फंडात मोडत नाही, ती खासगी धर्मादाय मदत आहे, घेतल्याने व्हिसाला काही होत नाही. या लोकांना यूसीच मिळत नाही, त्यामुळे त्यांची अडचण या बाईपेक्षा जास्त खोल असते, तिला निदान सोमवारी चाइल्ड बेनिफिट येणार होतं. तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे. पण उपाशी राहू नका, कॉलेजच्या सल्ला केंद्रात किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये जाऊन व्हाउचर मागा.

त्यानंतर काही नियम बदलले. एप्रिल २०२५ पासून यूसीमधून कर्जासाठी कापायची कमाल मर्यादा स्वतःसाठीच्या मूळ रकमेच्या २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली. सप्टेंबर २०२६ पासून इंग्लंडमध्ये यूसी घेणाऱ्या सगळ्या घरांतल्या मुलांना शाळेचं जेवण फुकट करायचं जाहीर झालं. तिसऱ्या मुलापासून यूसीमधले मुलाचे पैसेच न देण्याचा २०१७ चा नियम एप्रिल २०२६ पासून काढायचं नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ठरलं, आणि तो निर्णय लाखो घरांसाठी खूप मोठा आहे, मला मनापासून आनंद झाला. पण शाळेचं जेवण सोडलं तर या बाईला त्यातलं काही लागू होत नाही, तिला मुलं दोनच आणि तिची कपात आधीच मर्यादेच्या आत. पाच आठवड्यांची वाट आणि चार आठवड्यांच्या पगाराचं गणित जसं होतं तसंच राहिलं.

मार्चमध्ये ती एकदा परत आली, सामान घ्यायला नाही, सल्लागाराकडे काउन्सिल टॅक्सचा कागद दाखवायला. तेव्हा मी फोनवर कॅलेंडर उघडून तिच्यासोबत बसले आणि आम्ही २८-२८ दिवस मोजत पुढे गेलो. २८ मार्च, २५ एप्रिल, २३ मे. जून, जुलै, ऑगस्ट ठीक, सप्टेंबर, ऑक्टोबर ठीक. मग ७ नोव्हेंबर आणि ५ डिसेंबर, दोन्ही एकाच खिडकीत. म्हणजे कमी झालेलं यूसी १२ डिसेंबर २०२५ ला येणार, ख्रिसमसच्या तेरा दिवस आधी. तिने स्वतःच्या फोनमध्ये ती तारीख टाकली आणि म्हणाली दर आठवड्याला दहा पाउंड ठेवून बघते. मी म्हटलं जमेल तेवढं ठेवा. जुलैपर्यंत ठेवले तिने, दीडशेच्या वर गेले होते, मग सप्टेंबरमध्ये दोघांचे शाळेचे बूट, मुलाचा पहिला युनिफॉर्म, आणि फ्रिज बंद पडला.

ऑक्टोबरच्या शेवटी शाळेतल्या त्या बाईचा आम्हाला फोन आला. आमच्याकडे व्हाउचर इमर्जन्सीसाठी असतं, गरज पडली की त्याच आठवड्यात काढतात. ती विचारत होती की १५ डिसेंबरच्या आठवड्यासाठी एक आत्ताच काढून ठेवता येईल का, एक मोठं, दोन लहान, आणि या वेळी शेगडी चालू असेल तर पास्ता चालेल म्हणून सांगितलंय. मी वहीत नाव लिहून घेतलं.